शिलाईकाकूंचा भाग

आजच्या सोहळ्याचे सन्माननीय अध्यक्ष, तेच आपल्या गटाचे ॲडमिन आणि इथल्या निम्म्या श्रोत्यांच्या दाढा ज्यांना पाठ आहेत असे आदरणीय दातवाले डॉक्टर. वाचनालयाचं हे सभागृह प्रेमानं उघडून देणाऱ्या आणि ‘खुर्च्या ओढू नका, उचलून ठेवा’ असं तितक्याच प्रेमानं बजावणाऱ्या ग्रंथपालबाई. माझी ओळख करून देताना ज्यांनी माझ्यातला एकही दोष सांगितला नाही ते ड्रायव्हरभाऊ. मला हात धरून या गटात आणून सोडणारी माझी नात. आणि गेली सहा वर्षं ज्यांना मी फक्त अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रांतून पाहत आलो, अशा माझ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

दुपारी दारातून आत आलो आणि गांगरलोच. ज्यांच्या नावाशेजारी कायम सूर्यफूल असायचं, त्या कुणी नाजूक बाई असतील अशी माझी समजूत. ते निघाले सहा फुटी, मिशीवाले गृहस्थ. ते म्हणाले, “मास्तर, मी सूर्यफूल.” मी म्हटलं, “हो का? वाढलात बरेच!” तेही हसले. असं हसणं आपल्याकडे रोज चालायचं, नाही का? सकाळी ‘उठलात का’ पासून सुरुवात. कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल, कुणाच्या सुनेचा निकाल, कुणाचं मांजर कपाटावर अडकलं. मालिका गुरुवारी अर्धा तास, आणि गप्पा उरलेला आठवडाभर. मी निवृत्त झालो, मागोमाग घरातून सौ. गेली, आणि नंतर मला ‘जेवलात का’ असं विचारणारा आवाज या फोनमधूनच यायचा. हे ऋण मी विसरणार नाही.

चौतीस वर्षं भाषा शिकवली. व्याकरणापेक्षा मला कविता शिकवायला आवडायची. कविता समजावून सांगू नये, वर्गाकडून म्हणवून घ्यावी, अशी माझी पद्धत. साठ पोरं एका लयीत म्हणायला लागली की खिडकीची तावदानं थरथरायची. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर टकटक करायचे. अजून कधीकधी ते कोरस कानात सुरू होतं आणि मी समोरचं सगळं विसरतो. ही माझी जुनी खोड. नात म्हणते, “आजोबा, गेलात ना परत वर्गात?” आजच्या बोलण्याचं मूळ याच खोडीत आहे, म्हणून सांगितलं.

पाहुणे म्हणून जे आले आहेत त्यांच्यासाठी आपली रीत सांगतो. नावाडी बाप आणि त्याचा घर सोडून गेलेला मुलगा, यांची ही मालिका. भाग संपला की गटात कुणी अवाक्षर काढायचं नाही. काही जण कामावर असतात, त्यांचा रसभंग नको. मी त्या भागाचा सारांश लिहून टाकायचा, त्याखाली प्रत्येकानं ‘पोचलं’ लिहायचं आणि मग दंगा सुरू. असे तीनशे बारा भाग, तीनशे बारा सारांश. त्यांचं आज तुम्ही पुस्तक केलंत, चांगल्या कागदावर, कापडी बांधणीत. डॉक्टर मघाशी म्हणाले, “मास्तरांचा शब्द म्हणजे आपल्या गटाचा पुरावा.”

डॉक्टर, त्या वाक्याला टाळ्या पडल्या तेव्हा मी पाणी प्यायलो, ते तहान लागली म्हणून नव्हे.

एक विचारू? खरं सांगा हं. तुमच्यापैकी किती जणांनी माझा सारांश कधी पूर्ण वाचला? हात वर करू नका, उगाच मला वाईट वाटेल. तुम्ही भाग पाहिलेला असायचा. सारांश ‘आला का’ एवढंच तुम्हाला हवं असायचं, शाळा सुटल्याच्या घंटेसारखं. मी त्यात उपमा घालायचो, दोन ओळींची तुकबंदी करायचो, आणि खाली चाळीस जणांचं ‘पोचलं, पोचलं’. नदीवर एवढं सुंदर लिहिलं, कुणी एक शब्द बोलेल तर शपथ!

एक व्यक्ती मात्र वाचायची. शब्द न् शब्द वाचायची. आपल्या शिलाईकाकू.

नव्या लोकांना त्या फक्त एका म्हणीतून ठाऊक आहेत. कुणी भलतंच काही सांगितलं, की आपण म्हणतो, ‘झाला शिलाईकाकूंचा भाग!’ आज सकाळीसुद्धा कुणीतरी लिहिलं, ‘सभागृहाचा पत्ता नीट टाका, नाहीतर शिलाईकाकूंचा भाग व्हायचा.’ त्यावर हसणारी सतरा तोंडं आली. मी मोजली.

त्या म्हणीच्या मागे काय आहे, ते आज सांगायचं आहे. अध्यक्ष महाराज, वेळेकडे थोडा कानाडोळा करावा.

काकूंचं कपडे शिवण्याचं दुकान आहे, रस्त्याच्या वळणावर, पुढे यंत्र आणि मागे पडद्याआड राहायची खोली. त्या खोलीत त्यांचे यजमान खाटेवर असतात. नळकामात उभी हयात गेली, मग आजारपणात दृष्टी गेली. टीव्हीचा नुसता आवाज त्यांना सोसवत नाही. कोण कुठून बोलतंय कळत नाही, मग चिडतात. म्हणून काकू भाग बघतच नसत. शुक्रवारी सकाळी दुकान उघडण्याआधी माझा सारांश त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. हे गटात फक्त मला माहीत होतं. त्यांनी खासगीत कळवलं होतं: ‘मास्तर, कुणाला सांगू नका, नाहीतर म्हणतील मालिका बघत नाही आणि गटात कशाला. पण आमचे हे म्हणतात, मास्तर लिहितात तेव्हा नदीचा वास येतो.’

सबंध आयुष्यात माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी हुरळलो. तिथूनच बिघडलं.

एकशे सत्याऐंशीवा भाग. मुलगा सहा वर्षांनी परत येतो, होडीतून उतरतो, बापाच्या दाराशी उभा राहतो. पडद्यावर नदी दिसली, काठावरचं गवत हललं, आणि मी गेलो वर्गात. कुठली कविता चालली होती, कोण चुकलं, कुणाला मी उगाच रागावलो... भानावर आलो तर शेवटची नावं सरकत होती. दारात काय झालं ते मला माहीत नव्हतं.

विचारायचं ना कुणाला? ड्रायव्हरभाऊंना एक फोन केला असता तर त्यांनी आवाज काढून सगळा भाग करून दाखवला असता! पण ‘मास्तरांना डुलकी लागली’ हे उद्या गटभर होईल, या लाजेनं मी विचारलं नाही. जे व्हायला हवं होतं ते लिहिलं. बापानं दार उघडलं, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘पाय धू, ताट वाढलंय.’ लिहिताना माझ्याच डोळ्यांना धार लागली. त्या रात्री उशीर झाला, दंगा दुसऱ्या दिवसावर गेला; पण खाली तुम्ही सगळ्यांनी ‘पोचलं’ मात्र लिहिलंत. न वाचता.

भागात बापानं दार लावून घेतलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला काकूंनी लिहिलं. त्या कधी दोन शब्दांपलीकडे लिहीत नसत, त्या दिवशी सात ओळी. ‘काल बापानं लेकाला घरात घेतलं, फार बरं वाटलं. आमचे हे रडले. आमच्याकडेही तसंच आहे, आठ वर्षं बोलणं नाही. हे आज म्हणाले, लाव त्याला फोन.’

ड्रायव्हरभाऊ, तुमचा यात दोष नाही, तुम्ही जे पाहिलं तेच बोललात. तुम्ही लिहिलंत, ‘काकू, कुठला टीव्ही घेतलाय? आमच्या टीव्हीत म्हाताऱ्यानं दार आपटलं!’ कुणी म्हणालं, ‘काकूंनी सुई ओवता ओवता स्वप्न पाहिलं.’ कुणी म्हणालं, ‘काकू, पुढचा भागही तुम्हीच शिवा.’ गंमतच होती, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. मग डॉक्टर, तुम्ही लिहिलंत, ‘थांबा रे, मास्तरांनी काय लिहिलंय ते बघू. दवाखान्यात पेशंट आहे, एवढी दाढ काढतो आणि बघतो.’

एक दाढ काढायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ माझ्याकडे होता.

मी नातीच्या फोनवर तो प्रसंग पाहिला. मग माझा सारांश उघडला, चार ओळी पुसल्या आणि लिहिलं: ‘बापाने दार लावून घेतले.’ नातीनं विचारलं, “आजोबा, काय करताय?” मी म्हटलं, “शुद्धलेखन तपासतोय.” बाळ, तुझ्याशीही खोटं बोललो. मजकुराखाली बारीक अक्षरांत ‘बदल केला’ असं येतं, पण ते कोण वाचतो? जिथे सारांशच कुणी वाचत नव्हतं तिथे! डॉक्टरांनी दाढ काढून येऊन निकाल दिला: ‘मास्तरांनी बरोबर लिहिलंय. काकू, चष्मा बदला.’

म्हण जन्मली ती त्या क्षणी.

इतकं करूनही मी थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणवलो असतो. पण काकूंनी मला खासगीत विचारलं, ‘मास्तर, मी सकाळी वाचलं ते वेगळं होतं ना?’ बघा हं, त्यांनी आरोप केला नाही. नुसतं विचारलं, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीनं हात अर्धाच वर करावा तसं. आणि मी, चौतीस वर्षं पोरांना ‘खरं बोला’ म्हणून छड्या दाखवलेला मास्तर, उत्तर काय दिलं? ‘आपल्या नजरचुकीने तसे झाले असावे.’ किती शुद्ध वाक्य! एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही.

त्यांचं उत्तर आलं, ‘हो, असेल. सुईपुढे डोळे थकतात.’ मग गटात येऊन लिहिलं, ‘माझीच चूक.’ तीन आठवडे त्या तुमच्या कोट्या वाचत राहिल्या आणि चौथ्या आठवड्यात गटातून गेल्या. कुणीतरी विचारलं, ‘काकू कुठे गेल्या?’ उत्तर आलं, ‘शिवणाचा हंगाम असेल.’ मी ते वाचलं आणि त्याखाली काय लिहिलं, ठाऊक आहे? ‘पोचलं.’

या गोष्टीला अडीच वर्षं होत आली. तुम्ही सत्काराचं पत्र पाठवलंत तेव्हा ते हातात घेऊन बसवेना. गेल्या मंगळवारी त्यांच्या दुकानाचं वळण शोधत गेलो. त्या यंत्रावर होत्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “माप द्यायचंय का?”

मी म्हटलं, “नाही बाई. मी मास्तर.”

पाय थांबला त्यांचा, यंत्र थांबलं. मला बसायला स्टूल पुढे केलं, त्यावरच्या चिंध्या आधी झटकल्या. मी सगळं सांगितलं. त्या दोरा तोडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळलं होतं हो. यांना मी दोनदा वाचून दाखवलं होतं. दोनदा कशी होईल नजरचूक?”

“मग गटात बोलला का नाहीत?”

“तुमच्या शब्दापुढे माझं कोण ऐकणार होतं? आणि हे बघा मास्तर, तुम्ही मनचं लिहिलंत त्याचं मला काही नाही. चांगलंच लिहिलं होतंत. पुसलंत, त्याचं वाईट वाटलं.”

मी खाली मान घातली. विचारलं, मुलाला फोन केलात का? म्हणाल्या, “केला. चार शब्द बोलला. ‘बरे आहात ना, औषध घ्या.’ आला नाही अजून. पण महिन्याला एक फोन येतो.”

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, “कोण आहे गं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत सांगितलं, “गिऱ्हाईक.”

मित्रहो, मला कुणी काही म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं.

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “यांना मी खरं सांगितलंच नाही. यांच्या मालिकेत बाप लेक एकत्रच राहतात. गट सोडल्यावर सारांश कुठला? मीच सांगते, दर गुरुवारी साडेसातला, दुकानाचं शटर अर्धं ओढून. परवा लेकानं नवी होडी बांधायला घेतली. यांना नळाचं कळतं, लाकडाचंही कळतं, चुकले की ओरडतात, ‘फळी अशी नाही बसत!’ मग मी बदलते.” आणि हसून म्हणाल्या, “तुमची मालिका संपली म्हणे. आमची चालू आहे.”

मी त्यांना आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, “मी काय करू तिथे येऊन? लोक मला बघून तीच म्हण म्हणतील.” मी विचारलं, मग परत गटात याल का? म्हणाल्या, “ते तुम्ही मला का विचारता? आधी त्यांना सांगा. सांगून झालं की गुरुवारी या. यांना सांगेन, मास्तर आलेत. नाही सांगितलंत तर नका येऊ, गिऱ्हाईक म्हणून किती वेळा खोटं बोलू?”

आज गुरुवार आहे.

म्हणून हे सगळं, सत्काराच्या व्यासपीठावर. जागा चुकीची असेल, पण तुम्ही सगळे एकत्र पुन्हा कधी भेटणार? माझं मागणं छोटं आहे. ती म्हण आजपासून कुणी वापरू नये. वापरायचीच असेल तर ‘मास्तरांचा भाग’ म्हणावं, मी रागावणार नाही. आणि काकूंना काही लिहावंसं वाटलं तर ते डॉक्टरांकडे द्यावं. कोट्या नकोत. साधं लिहा.

अध्यक्ष महाराजांचे, ग्रंथपालबाईंचे, माझ्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून आभार. बोलण्यात लांबण लागली, मध्येच वर्गात शिरलो, एखाद्याचं नाव राहून गेलं, कुणाला लागेल असं बोललो, तेवढं पोटात घाला. त्यापलीकडची माफी मी तुमच्याकडे मागत नाही, कारण ती तुमच्या हातची नाही.

चहाला मी थांबत नाही, त्याबद्दल क्षमस्व. इथून ते वळण पाऊण तासाच्या चालीवर आहे आणि साडेसातच्या आत पोचायचं आहे. दारात मला एकच गोष्ट विचारली जाईल: “सांगितलंत?” निदान त्या प्रश्नाला मला आज ‘हो’ म्हणता येईल.

येतो.