छतातली कडी

(इचिकावा, जुलैअखेरची सकाळ. चैत्रालीच्या घरी छतातला एसी बसवायला ओगाता-सान आणि त्यांच्या पत्नी आल्या आहेत. त्यांना मराठी येत नाही आणि चैत्रालीच्या आईला, जयंतीला, जपानी येत नाही.)

चैत्राली : आई, ओगाता-सान विचारताहेत, परवा त्यांनी छताला खुणेची निळी पट्टी लावली होती, ती कपाटाकडे कशी सरकली?

जयंती : मला काय विचारतेस? निघाली असेल. उकाडा काय कमी आहे?

चैत्राली : निघाली तर खाली पडेल. चालत जाऊन दुसरीकडे चिकटणार नाही.

जयंती : ज्या देशात संडासाचं झाकण माणूस बघून आपणहून उघडतं, तिथे पट्टी चालली तर नवल काय? त्यांना आधी विचार, चहा घेणार की ते तुमचं जवाचं गार पाणी.

चैत्राली : आत्ता नको म्हणताहेत, दहाच्या सुट्टीत घेऊ. आणि ते असंही म्हणताहेत की घरच्यांना जागा बदलायची असेल तर काहीच हरकत नाही, फक्त कारण कळलं तर बरं पडेल. इतक्या अदबीनं विचारतात ना, मलाच चोरी केल्यासारखं वाटतं.

जयंती : बाई किती गोड आहे. नवरा शिडीवर, ही खाली शिडी धरून. आणि खोलीभर प्लास्टिक कसं अंथरलंय बघ. पंगतीला पानं मांडावीत तसं, काठाला काठ लावून.

चैत्राली : विषय बदलू नकोस. काल मी तपासणीला गेले होते, धीरज ऑफिसात. घरात तू एकटी.

जयंती : आणि शेजारचं मांजर.

चैत्राली : मांजर स्टुलावर चढून पट्ट्या लावत नाही. तू चढलीस?

जयंती : स्टूल कुठलं, ती दोन पायऱ्यांची घडीची शिडी. छप्पर तरी केवढं उंच? हात वर केला की लागतं. यांची घरं आपल्यासारख्या बुटक्यांसाठीच बांधलेली आहेत.

चैत्राली : म्हणजे तूच.

जयंती : मी शिडीबद्दल बोलले. पट्टीबद्दल नाही.

चैत्राली : थांब, धीरजचा फोन आला. स्पीकरवर टाकते. हां, बोल.

धीरज : काय म्हणतोय आपला थंड हवेचा डोंगर? बसला का?

चैत्राली : कुठला बसतोय. भोक पाडायच्या आधीच अडलंय. खूण हललीये. आज काम झालं नाही तर ऑगस्टातल्या ओबोनच्या सुट्टीनंतरची तारीख देतील, आणि तोवर बाळ घरी आलेलं असेल. या उकाड्यात.

धीरज : अगं, पण खूण हलली म्हणजे? भूत आहे का घरात?

चैत्राली : आहे. कराडहून आलंय.

धीरज : नाहीतरी हे घरच विचित्र. तीन बाजूंना सरकती दारं, चौथ्या बाजूला कपाट. बघायला आलो तेव्हा दोघंही म्हणालो, किती मोकळं आहे. एसी लावायला भिंतच नाही, हे आपल्या दोघांच्या डिग्र्यांना कळलं नाही. बरं, आई, ऑफिसातून येताना तोयोसुहून काही आणू का?

जयंती : काही नको. सगळं आहे.

धीरज : दोन महिने रोज विचारतोय आणि रोज हेच ऐकतोय. एकदा तरी काहीतरी मागा.

जयंती : घरात सगळं असताना काय मागायचं? मी लाडू काढते. दहा वाजत आले.

चैत्राली : गेली स्वयंपाकघरात. आणि कुठला डबा उघडतेय बघ. आई, ते डिंकाचे लाडू माझ्यासाठी केलेस ना? बाळंतिणीचे लाडू मिस्त्र्यांना?

जयंती : मग? तेही बाळंतपणाचंच काम करताहेत.

धीरज : बरोबर आहे आईंचं. चैत्राली, तू त्यांना नीट समजावून सांग, मी मीटिंगला... थांब. हे कोण गातंय?

चैत्राली : आईच. हात चालला की तोंड चालतं. तिची आई जात्यावर गायची, ही मिक्सरवरसुद्धा गाते. मनातलंच काहीतरी जुळवते, त्याला ओवी म्हणते.

धीरज : जरा फोन तिकडे धर.

जयंती : वाऱ्याच्या पेटीला, चार लोखंडाचे हात
लेकीच्या लेकराला, एक कडी द्या छतात...

धीरज : पुन्हा म्हणेल का?

चैत्राली : गप्प बस, म्हणतेय.

जयंती : मागू कशी कोणा, घर माझ्या जावयाचं
भरीव लाकडापाशी, मन माझं टांगायाचं...

धीरज : ऐकलंस?

चैत्राली : ऐकलं.

धीरज : कडी कसली?

चैत्राली : पाळण्याची. धीरज, विमानतळावर तिची बॅग उघडायला लावली होती, आठवतं? आत पितळी साखळ्या निघाल्या. त्या कस्टमच्या मुलीनं मला फोनवर विचारलं, मी आईला विचारलं. आई म्हणाली, देवघरातल्या दिव्याच्या आहेत. आणि मी तेच भाषांतर करून सांगितलं.

धीरज : इतक्या जाड साखळ्यांचा दिवा?

चैत्राली : तेव्हा कुठे सुचलं. परवा ओगाता-सान छत ठोकून बघत होते, तेव्हा ही लाडवाची परात सोडून दारात येऊन उभी राहिली. एका जागी ठोकल्यावर वेगळा आवाज आला. भरीव. तिथे मोठी तुळई आहे म्हणाले, बाकी सगळ्या नुसत्या पातळ फळ्या. आणि त्याच्या जवळच त्यांनी पट्टी लावली. हिला वाटलं, घरातली एकुलती एक मजबूत जागा एसीनं बळकावली.

धीरज : म्हणून पट्टी कपाटाकडे गेली.

चैत्राली : आई. लाडू राहू देत, इकडे ये.

जयंती : आले. यांचा फोन अजून चालू आहे? मीटिंग होती ना?

धीरज : मीटिंगला उशिरा गेलो तर तिथे वाकून माफी मागेन. आई, आम्हाला का नाही सांगितलंत?

जयंती : काय?

धीरज : कडी.

जयंती : तुम्ही ऐकत होतात होय? शहाण्या माणसानं बाईची ओवी ऐकावी, पण ऐकली म्हणून सांगू नये.

चैत्राली : आई, एक हुक मागायला तू शिडी चढलीस. वरून पडली असतीस तर?

जयंती : तर तुला एक बाळ आणि एक आई, दोन्ही पाळण्यात घालावी लागली असती. अगं, कसं मागायचं? लेकीचं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर तू येऊ शकत नव्हतीस, म्हणून माहेरच बॅगेत भरून आणलं. इथवर ठीक. पण जावयाच्या घरात राहायचं आणि वर म्हणायचं, तुमच्या छपराला भोक पाडा? आम्ही लेकीच्या घरी तहान लागली तरी जरा दम धरून पाणी मागणारी माणसं.

धीरज : पण शिडीवर चढून खूण हलवायला हरकत नाही?

जयंती : ते मागणं नाही. ते नुसतं सरकवणं.

धीरज : हे मी टीममध्ये वापरणार आहे.

चैत्राली : हसू नकोस. आई, माझ्या बाळासाठी तो पलंग आणलाय ना आम्ही, कठड्यांचा?

जयंती : चांगला आहे. पोपटाला पुरेल.

चैत्राली : आई.

जयंती : बरं, पलंगच आहे. रात्री निजू दे त्यातच, मी कुठे नाही म्हणते? तुमची जमीन झोपेत कूस बदलते, मला ठाऊक आहे. पण बाराव्या दिवशी नाव ठेवायचं ते काय पिंजऱ्याच्या गजातून? खालून घे, वरून घे, तर कशाखालून? साखळ्या आणल्यात, दांड्या आणल्यात. सगळा पाळणा सुटा करून साड्यांत गुंडाळलाय. तू त्यातच वाढलीस. तुझ्या वेळी आम्ही भाड्याच्या खोल्यांत होतो. मालकीणबाईंना तुझ्या बाबांनी विचारलं. मी तेव्हाही नाही विचारलं.

धीरज : चैत्राली, ओगाता-सानना सगळं खरं सांग. ओवीसकट.

चैत्राली : ओवीचं जपानी माझ्याच्यानं नाही होणार. बाकीचं सांगते... आई, ते हसताहेत.

जयंती : मला?

चैत्राली : नाही गं. म्हणजे, हो. ते म्हणताहेत, पेटी त्या तुळईखाली बसणारच नव्हती. ती छताच्या वर आत जाते, मध्ये तुळई आली तर मावणार कशी? त्यांनी तुळईच्या शेजारची मोकळी जागा धरली होती. तू नेऊन ठेवलेल्या जागी मात्र वरच्या न्हाणीघराचे पाइप आहेत. तिथे कापलं असतं तर आपल्याला एसीऐवजी धबधबा मिळाला असता.

जयंती : म्हणजे मी उगीच चढले.

चैत्राली : उगीच.

जयंती : आणि उगीच घामाघूम झाले.

धीरज : आता विचार त्यांना, तुळईत कडी बसेल का.

चैत्राली : विचारतेय... बसेल. छताच्या फळीतून थेट तुळईत घट्ट पिळतील. पण एसी ज्या लाकडांना टांगणार त्यांना त्याचा धक्का लागता कामा नये, नाहीतर पेटी कुरकुरेल. त्यामुळे थोडी अलीकडे. आणि वजन किती पेलायचंय ते विचारताहेत.

जयंती : बाळ काय, तीन किलोचं. पण येणारीजाणारी प्रत्येक बाई झोका देणार. माया धरून सांग.

चैत्राली : माया किती किलो सांगू?

जयंती : पन्नास सांग. कमी नको पडायला.

धीरज : मी मीटिंगला जातो. पन्नासच्या खाली कोणाला ऐकू नका.

०

चैत्राली : बोल, कुठे आहेस?

धीरज : तोयोसु स्टेशन. गाडीत शिरलो की बोलता येणार नाही, म्हणून आत्ताच केला. झालं?

चैत्राली : झालं. चालू आहे. मी त्याच्याखाली पाय पसरून बसलेय आणि पोटातला माणूससुद्धा शांत झालाय, दिवसभर लाथा मारत होता. ओगाता-काकूंनी शेवटी जमीन पुसून प्लास्टिक असं गुंडाळून नेलं की भुशाचा कण मिळणार नाही. कापलेला छताचा तुकडा आईनं ठेवून घेतला.

धीरज : कशाला?

चैत्राली : पाळण्याच्या तळाला घालायला बरा पडेल म्हणे. हलका आहे.

धीरज : आणि थंड झोत? कडी जवळ असेल तर थेट बाळावर.

चैत्राली : तेही मला आठवलं, उशिरा. पेटीला चार बाजूंनी चार झडपा आहेत. ओगाता-साननी रिमोटवरून पाळण्याकडची झडप कायमची मिटून टाकली. मी आईला म्हटलं, तुझ्या ओवीतला एक हात कमी झाला.

धीरज : काय म्हणाल्या?

चैत्राली : म्हणाली, हात चारच आहेत, फक्त एकानं पदर धरलाय. तीन वाजताच्या चहाला तर मज्जाच झाली. काकूंनी साखळी हातात घेतली, एकेक घुंगरू वाजवून बघितलं आणि मला विचारलं, किती मुलांनी वापरलाय? मी आईला विचारलं. माझी मावशी, माझा मामा, आई, मी. काकू सांगत होत्या, त्यांच्या गावाला बाळ पाठीला बांधून शेतात जायचे, त्यांच्या आजीनं त्यांना तसंच वाढवलं. आणि तेव्हा म्हणायचं गाणं त्यांनी हळूच म्हणून दाखवलं. आई ऐकत राहिली.

धीरज : मग?

चैत्राली : मग तिनं त्यांच्या डब्यात आणखी लाडू भरले. मी विचारलं, गाणं कळलं का? तर म्हणाली, शब्द नाही कळले, पण मूल झोपलं असतं.

धीरज : कडी कशी दिसते?

चैत्राली : छोटीशी. तुला येऊन शोधावी लागेल. आईनं मात्र दुपारीच साखळ्या लावून बघितल्या, चिंचेनं घासून. झडप मिटली तरी उरल्यासुरल्या वाऱ्यानं हलकेच किणकिणताहेत. थांब, ती हात पुढे करतेय.

धीरज : फोन हवाय त्यांना? त्या कधी मागत नाहीत. दे, दे. हां, आई. थंड वाटतंय ना?

जयंती : छान वाटतंय. तुम्ही जेवलात का दुपारी?

धीरज : जेवलो. तीन मिनिटांत गाडी आहे. येताना काही आणू का?

जयंती : तसं काही...

धीरज : काही नको. माहितीये. ठेवतो मग.

जयंती : थांबा, धीरज.

धीरज : हां?

जयंती : दोरी आणाल का? पाळण्याची जुनी दोरी झिजली होती, आणि कडी मिळेल न मिळेल म्हणून मी नवी घेतलीच नाही. मऊ सुताची बघा, हाताला टोचायला नको.

धीरज : आणतो. स्टेशनखालच्या दुकानात मिळेल. किती लांब?

जयंती : चांगली लांब घ्या. भाकरी करताना ओट्यापाशी उभं राहून ओढायचीये मला.