बादल्यांचा न्याय

कॉलेज प्रवेशाच्या रांगेत लेकीचा अर्ज घेऊन आलेल्या एका शिंपीणबाईच्या पुढे एक आजी नि नात उभ्या होत्या. आज शेवटचा दिवस होता आणि नातीच्या अर्जावर पालकाच्या सहीची जागा कोरीच होती. शिंपीणबाईचे कान आपोआप टवकारले.

“जगाचे प्रश्न शिकणार म्हणे! घरातले संपले का?”

“आजी, सही कर ना गं.”

“आधी सांग, पोट कशावर भरणार?”

“दोन देश नदीवरून भांडले की त्यांना समोरासमोर बसवून पाण्याची वाटणी ठरवायची. त्याच्या नोकऱ्या असतात.”

“पगार देतात? मी तर फुकट केलं! वरच्या नि खालच्या मजल्यावरच्या बायका नळावरून भांडल्या, तेव्हा कोण गेलं होतं?”

“तूच. दोघींना समजावलंस.”

“समजावलं कसलं! दोघींच्या बादल्या उचलून माझ्या मोरीत ठेवल्या. रिकाम्या हातांनी माणूस शहाणं होतं. हे शिकवतात का तुझे मास्तर?”

“नसतील शिकवत.”

“मग जा, तूच शिकव त्यांना. कुठंय पेन?”

शिंपीणबाईने न मागताच आपलं पेन पुढे केलं.

“कुठे करू सही?”

“इथे, खाली.”

“आणि वरची ही मोठी जागा?”

“विभागप्रमुखांची.”

“बरं, राहू दे ती त्यांना.”