कुमुदच्या घरातले बिबट्याचे ठिपके

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारतो. आवडीची गोष्ट घरात किती असावी? हसू नका! देवळात बसून हे बुवा सोफ्या-पडद्यांचं काय काढतायत, असं वाटतंय ना? ऐका तर —

जुन्नरकडच्या एका गावात कुमुद डुंबरे नावाची बाई. नवरा रोहिदास ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. लग्न झाल्यापासून दोघं भाड्याच्या खोलीत. घरमालकाचा हुकूम — भिंतीला खिळा ठोकायचा नाही! मग कॅलेंडर कुठं? दाराच्या कडीला! अशी वर्षं गेली आणि शेवटी स्वतःचं घर झालं. कुमुद म्हणाली, "आता मी माझ्या मनासारखं सजवणार!"

आणि बाईचं मन कशावर बसलं? बिबट्याच्या ठिपक्यांवर! बाजारात कापड पाहिलं — सोनेरी, त्यावर काळे-काळे ठिपके. हात फिरवला आणि खुळावलीच! एवढी झळाळी तिच्या घरात कधी आलीच नव्हती हो.

सोफ्याला ते कापड लावलं. मग वाटलं, पडदे फिके दिसतात — पडदे तसेच! मग गालिचा! मग उशा! फ्रिजवर कापड ठिपक्यांचं, आणि अंगातला गाऊन? तोही! अहो, त्या गावात उसात बिबट्या दिसला की लोक फटाके वाजवतात. हिनं हौसेनं आख्खा कळप बैठकीत आणून बसवला!

रोहिदास एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, चहा पिताना कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटतं."

"तुम्हाला हौसच नाही!"

झालं! पुढं तो काही बोलला असेल? तुम्ही बोलता का?

इतक्यात मळ्यातल्या वस्तीवरून रोहिदासची आई आली — ठकूबाई. डोळ्यांना अंधुक दिसायचं. कुमुद तिला आत्या म्हणायची. आईविना वाढलेली पोर; तिला पहिल्यांदा जवळ घेऊन न्हाऊ घातलं ते या सासूनंच. कुमुदनं कधीपासून ठरवलं होतं — घर झालं की आत्याला आणायचं, परत जाऊ द्यायचं नाही.

म्हातारी दारात उभी राहिली. आत पाऊल टाकलं — मागं घेतलं! पुन्हा टाकलं — पुन्हा मागं! शेवटी भिंत धरून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फरशीवर बसली. जेवण तिथंच, झोपणंही तिथंच. कुमुद बैठकीतून हाका मारते, "या ना आत्या, सोफ्यावर बसा!" म्हातारी म्हणते, "इथंच बरं आहे."

आणि एके सकाळी मुलाला म्हणाली, "रोहिदास, मला वस्तीवर सोड."

कुमुदनं ते ऐकलं. हातातली परात तशीच ठेवली आणि सासूपुढं जाऊन बसली. "आत्या, काय आवडलं नाही? घर, का मी?"

"अगं वेडे, तुझ्यासाठीच तर आले! पण त्या खोलीत मला उमजतच नाही बघ. जमीन कुठं संपते, खुर्ची कुठं लागते — सगळं हलतंय नुसतं! आल्या दिवशी तू सोफ्यावरनं हाक मारलीस ना? आवाज तुझा होता, पण तुझं तोंड काही सापडेना मला. घाबरले गं!"

कुमुदनं अंगातल्या गाऊनकडं पाहिलं. सोफ्याकडं पाहिलं. आधी रडू आलं — आणि मग, मंडळी, असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की रोहिदास बाहेरून धावत आला!

पडदे उतरले! गालिचा गुंडाळला! सोफ्याला साधं मातकट सुती कापड, खिडकीला पांढरे पडदे, अंगावर हिरवी साडी. संध्याकाळी रोहिदास दारातच थबकला. "बिबटे कुठं गेले?"

"जंगलात सोडले!"

पण एक उशी हातात राहिली होती. टाकवेना! आवड ती आवड. ती काय पाप आहे? कुमुदनं ती उशी साध्या सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि हाक मारली, "आत्या, या!"

ठकूबाई दारात आली. क्षणभर थांबली. आणि चालत निघाली — भिंत न धरता! सरळ त्या उशीपाशी गेली, तिच्यावर हात ठेवला आणि ऐसपैस बसली.

"हे ठिपक्याठिपक्याचं छान आहे गं! लांबूनच दिसलं. आधी नव्हतं का?"

"होतं की आत्या! पण गर्दीत होतं!"

म्हातारीनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता दिसलीस," म्हणाली. वस्तीवर जायचं नाव पुन्हा काढलं नाही तिनं.

आता तुमच्याकडं वळतो! नुसतं ऐकून सुटाल होय? घरी गेलात की देवघरासमोर उभे राहा. लुकलुकणारे दिवे, प्लास्टिकची फुलं, झुरमुळ्या, फोटोवर फोटो — सगळं प्रेमानंच आणलंय, मी नाही म्हणत नाही. पण त्यात माझा पांडुरंग शोधा. दिसतो? दिसला, तर मोठ्यानं त्याचं नाव घ्या. आणि नाही दिसला, तर आधी आवरायला घ्या — नाव काय, आवरता आवरताही घेता येतं!