पिल्लाचा जबडा

अक्का, प्राचार्य साहेब, आणि नानांच्या शोकसभेला आलेले तुम्ही सगळे. रोज वर्गात बोलते मी, पण अशा सभेत बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

नाना जळगावात भूगर्भशास्त्र शिकवायचे, पण जीव कायम रावेरकडच्या केळीच्या मळ्यात. मी त्यांची विद्यार्थिनी. आता त्यांच्याच जागी शिकवते.

आत्ता प्राचार्य साहेबांनी जाहीर केलं, की नानांनी शोधलेल्या नव्या प्राण्याला नानांचंच नाव द्यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. आणि मी उठून बोलायला आले.

कारण तसं नाव देता येणार नाही.

थांबा. ऐकून घ्या माझं.

धुळ्याकडे एका विहिरीच्या खोदकामात काळ्या खडकाखाली मातीचा थर लागला. नानांनी ती माती पोत्यांनी घरी आणली. अक्का, तुमच्या यजमानांनी ती तुमच्याच मोरीत चाळणीनं धुतली. मोरी तुंबली, तुम्ही चिडलात, नाना हसत बसले. त्या चाळणीत तो जबडा सापडला. नखाएवढा, पण दात शाबूत. डायनासोरांच्या काळातला, उंदराएवढा जीव. आपल्या सस्तन प्राण्यांचा लांबचा भाऊबंद. असले प्राणी दातांवरूनच ओळखायचे, दुसरं काही उरतच नाही. या दातांवरचे उंचवटे कुठल्याच माहीत प्राण्याशी जुळेनात. म्हणजे नवा प्राणी! नानांनी आणि मी तसा लेख छापला, नाव मागाहून ठरवायचं होतं. पेपरात फोटो आला. सत्कार झाले. तुम्ही सगळे होतात की तिथं.

मग त्याच मातीत दुसरा जबडा निघाला. मोठा. तो मात्र आधीच माहीत असलेल्या प्राण्याचा. नानांची झोप उडाली. लहान जबडा घेऊन ते मला मेहरूणला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रे काढायला. डॉक्टर म्हणाले, पेशंट कुठंय? नानांनी खिशातून काडेपेटी काढली.

एक्स-रे बघून डॉक्टर सहज बोलून गेले, "खाली पक्का दात तयार होतोय. वरचा दुधाचा आहे."

झालं. दुधाच्या दातांचे उंचवटे वेगळे असतात, म्हणून ते जुळत नव्हते; नवा प्राणी नव्हताच तो. त्या मोठ्या जबड्यावाल्याचंच लेकरू.

मी म्हणाले, नाना, सावली असेल. दगडातली भेग असेल. मला तसंच हवं होतं. नानांनी एक्स-रे उजेडात धरला. मग म्हणाले, "पोरी, हाई पिल्लू शे. दुधना दात पडाना आधीच मरी गयं." त्यांचे डोळे भरले. शोध गेला म्हणून नाही हो. त्या पिल्लासाठी.

हे सगळ्यांना सांगायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं. स्वतः सांगणार होते. आजारपणानं सवडच दिली नाही. गप्प बसले असते, तर कोण विचारायला येणार होतं त्यांना?

अक्का, आज सकाळी तुम्ही माझा हात धरून विचारलंत, त्यांचं नाव राहील ना?  त्याचं उत्तर आता देते. त्या प्राण्याला नाही राहणार. उद्या मी तो लेख मागे घेणार आहे. ही चूक नानांनी स्वतःच शोधली, एवढं त्यात लिहीन. त्याहून मोठं मला काही देता येत नाही.

आजच्या दिवशी तुमच्या हातातून आणखी काहीतरी काढून घेतलं मी. रागवा माझ्यावर. हवं ते बोला. पण उद्या संध्याकाळी मी घरी येईन, तेव्हा दार उघडा, अक्का.

चला, उठून उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.