दर्शनी लाकूड

— नाही नाही, बूट राहू द्या साहेब, फरशी तशीही पुसायचीच आहे. तर काय विचारत होतात — हां, लाकूड. समोरून पाहिलंत ना? पांढरी भिंत, काळे वासे, उभे, आडवे, कोपऱ्यात तिरपे. लोक फाटकाशी थांबतात, म्हणतात, चारशे वर्षांचं असणार. कसलं चारशे! अठराशे एकोणनव्वद साली एका बिस्किटवाल्यानं बांधलं. आत सगळी वीट, भार विटेवर. वासे म्हणजे पाऊण इंचाच्या फळ्या, वरून ठोकलेल्या. सांध्यांवर खुंट्या दिसतात, त्यांचीही नुसती डोकी आहेत. मागे नोकरांच्या खोल्यांकडे तर फळ्याही नाहीत, काळे पट्टे रंगवलेत — मागून बघणार कोण? — त्या काळची रीतच होती म्हणता? असेल. म्हणजे खोटं चालतं, जुनं असलं म्हणजे झालं. बरं आहे.

तुमच्या जुन्या इमारतींच्या खात्याला पत्र ह्यूबर्टनं लिहिलं, माझ्या नवऱ्यानं, मी नाही. घराला संरक्षण द्या, नाहीतर बिल्डर पाडून फ्लॅट उठवील — सात पानं. मग मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली. वर असतो, समोरच्या खोलीत. सकाळपासून चारदा विचारून झालं, "विनी, आले का गं ते?" शेवटी म्हटलं, "फाटक तुझ्या खिडकीतून दिसतं बाबा, माझ्या शेगडीपाशी नाही दिसत." हसला, अर्ध्या तोंडानं. — चहा घ्या, गार होतोय. — बिल्डर तसा वाईट माणूस नाही हो. माझी बहीण ऑलिव्ह, समुद्राकाठी राहते, तिच्या शेजारी एक बंगली रिकामी आहे. एकमजली. इथे सत्तावीस पायऱ्या — त्याचं ताट, त्याचं भांडं, त्याच्या चादरी. मी एकसष्ट वर्षांची आहे. तुम्ही संरक्षणाची सही केलीत की बिल्डर घर घेणार नाही, दुसरं कोणी तर नाहीच. तक्रार नाही करत, नुसतं सांगते.

— काय लिहिताय? समोरच्या फळ्या मूळच्या, उत्तम राहिलेल्या? त्यावरच सगळं आहे? मग लिहा... नाही, थांबा. मूळच्या नाहीत त्या. चौसष्ट सालच्या शरदात ह्यूबर्ट सात आठवडे हॉस्पिटलात होता. एक फळी सुटून पायरीवर पडली. प्यू सुतार आला, त्यानं दुसरीत बोट खुपसलं, अख्खं गेलं. म्हणाला, "बाई, हे लाकूड नव्हे, केक आहे!" ह्यूबर्टला कळवलं असतं तर तो रात्रीच्या कपड्यांतच उठून आला असता. मी म्हटलं, काढ सगळ्या. प्यूनं नव्या बसवल्या, तारेच्या ब्रशनं खरवडल्या, काजळी नि तेल चोळलं, जुनी खुंट्यांची डोकी परत ठोकली. जुन्या फळ्या पाच नोव्हेंबरला जाळल्या — त्या दिवशी घरोघरी जाळ असतो, कोण विचारतं? शेजारी म्हणाले, यंदा तुमचा मोठा झाला. बटाटे भाजले त्यात. ह्यूबर्ट घरी आला, टॅक्सीतून उतरून आधी भिंतीला हात लावला. म्हणाला, "असं लाकूड आता मिळायचं नाही, विनी." मी म्हटलं, "नाही मिळायचं." त्यानंतर दर दुसऱ्या उन्हाळ्यात तो शिडीवर चढून काळा रंग द्यायचा, मी शिडी धरायची. नऊ वर्षं.

खोडलंत ना? दिसलं मला. आज हे सांगायचं ठरवलं नव्हतं — की होतं? कोण जाणे. एक करा. वर जा, त्याला म्हणा, मिळालं संरक्षण. मग कचेरीत जाऊन लिहायचं ते लिहा. — नाही जमणार? नियम आहे? असू दे. नका जाऊ वर. — ऐकलंत? काठी आपटतोय. — हो रे, आले होते! निघालेच आता! — काय? — हो, बघितलं! सगळं मूळचं आहे म्हणाले! — मिळेल म्हणाले! — जा तुम्ही साहेब. दार हळू लावा.