वारा जिकडे, अक्षरं तिकडे

सून : बंद करा बाबा, बंद करा! मोटर तापलीय. वास येतोय.

सासरे : वास कसला! नवी आहे, जरा अंग मोडतेय.

सून : पहिलीही अशीच अंग मोडता मोडता जळाली. ही शेवटची. ही गेली तर रिमोटचं विमान कायमचं माळ्यावर, असं तुम्हीच म्हणालात.

सासरे : म्हणालो खरा. जीभ चावायला हवी होती.

सून : आणि आईंना कबूल काय केलंय? आज पाच वाजता विमान गॅलरीसमोरून जाणार! दोन महिने पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन बसल्यात बिचाऱ्या. सकाळपासून केस विंचरून तयार आहेत.

सासरे : म्हणून तर जिवाचा आटापिटा चाललाय! विमानाच्या नाकावर दहा इंची पंखा लावला तर ते ओढलं जात नाही, बारा इंची लावला तर मोटर तापते. करू तरी काय?

सून : शेपटीला बॅगा तोलायचा काटा बांधलाय ना? दहावर किती ओढ दिसली?

सासरे : साडेचारशे ग्रॅम. विमान नऊशेचं. निदान सातशे तरी पाहिजे.

सून : मग बाराचं नावच काढू नका. एवढीशी मोटर, तिला केवढा पंखा फिरवायला लावताय! दहाच ठेवा. चुकतंय ते दुसरंच काहीतरी.

सासरे : पंख्यात? माझं? अगं, चौतीस वर्षं छताचे पंखे बसवलेत मी. अर्ध्या गावाला वारा घातलाय!

सासू (आतल्या खोलीतून) : आणि घरातला पंखा अजून कुरकुरतोय.

सासरे : आला, आतून टोमणा आलाच.

सासू : मी काय म्हणते, त्या छोट्या पंख्यावर छापलेले मापाचे आकडे कुठल्या बाजूला ठेवलेत?

सासरे : मागे, शेपटीकडे. छताच्या पंख्यावरचं नाव खालून वाचता येतं की नाही? वारा जिकडे, अक्षरं तिकडे. साधी गोष्ट आहे.

सासू : ती तुमच्या छताची. इथे लिहिलंय, ‘आकडे पुढे, विमान जाईल त्या दिशेला ठेवावेत.’

सून : इथे म्हणजे कुठे, आई?

सासू : पंख्याच्या पाकिटातली चिठ्ठी आहे. यांनी न वाचता भिरकावली, मी कादंबरीत खूण म्हणून घातली.

सासरे : म्हणजे आठवडाभर मी पंखा उलटा...

सून : पण वारा तर मागेच येत होता की!

सासरे : येणारच. पंखा फिरतोय त्याच दिशेला. पण पात्याची फुगीर बाजू पुढे हवी, ती मी मागे केली. अर्धा जोर फुकट! अरे देवा, चौतीस वर्षं पाण्यात गेली!

सून : ती मागाहून काढू. आधी दहाचा सुलटा बसवा. नट आवळा. हं, हात लांब! करा सुरू.

सासरे : काटा वाच, काटा!

सून : पाचशे... सहाशे... सातशे ऐंशी! बाबा, सातशे ऐंशी! आणि मोटर नुसती कोमट!

सासरे : अगं ए, ऐकलंस का? सातशे ऐंशी! पण काय गं, ही चिठ्ठी तू वाचलीस कधी?

सासू : मंगळवारी.

सासरे : मंगळवारी! आज शनिवार! मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?

सासू : तुम्ही विचारलंत कुठे? निघा आता, पाच वाजायला आले.

(पाच वाजता. गॅलरीत सासू खुर्चीत, पाय स्टुलावर. सून कठड्याला टेकून.)

सून : ते बघा, मैदानावरून उठलं! आई, इकडेच वळलं!

सासू : अगं बाई, किती जवळून गेलं! आणि खाली हे बघ, रिमोट हातात धरून नाचतायत. साठी उलटली म्हणून कोणी सांगेल?

सून : आता खरं सांगा. मंगळवारपासून गप्प का बसलात?

सासू : तू दिवसभर कामावर. हे एरवी दिवसाला चार शब्द बोलणारे. मंगळवारपासून दर तासाला माझ्या पलंगाशी येऊन बसत होते. कुठला पंखा लावला, किती ओढ आली, का आली नाही... लग्न झाल्यापासून एवढं बोलले नव्हते गं.

सून : आणि आज तरी का सांगितलंत?

सासू : मोटरचा वास इथपर्यंत आला ना. जळली असती तर माणूस गप्पच झाला असता.

सून : परत आलं, आई! हात करा, हात करा!

सासू : करते गं. ...सूनबाई, प्लॅस्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत. त्या विमानात उलटं बसवण्यासारखं आणखी काय काय असतं?