'येतो' म्हणा, सर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे विश्वस्त माननीय जयवंतराव राजाध्यक्ष, प्रमुख पाहुण्या डॉक्टर नूपुर वैद्य, सत्कारमूर्ती आदरणीय हेरंब टिपणीस सर, कालिंदीवहिनी, शिक्षक बंधुभगिनींनो, पालकहो, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेली माझी आई, जाईबाई घाडीगावकर.

व्यासपीठावरून स्वतःच्या आईचं नाव घेणं रीतीला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. पण आजच्या सत्काराशी तिचा संबंध आहे. कसा, ते ओघात येईलच.

सरांविषयी दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. सर निवृत्त होत आहेत आणि सोमवारपासून त्यांच्या जागी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत मी बसणार असल्यामुळे तो मान माझ्याकडे आला. माझे उच्चार त्या खुर्चीला शोभणारे नाहीत, असं सरांनी विश्वस्तांना कळवलं होतं. विश्वस्तांनी ते मनावर घेतलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मानून पुढे जाते.

सर म्हणजे शब्दांचे जाणकार. दादर-परळ भागात त्यांचं व्याख्यान झालं नाही असं एकही मंडळ नसेल. 'पाचावर धारण बसणे' यातली धारण म्हणजे धान्याचा भाव, हे आम्हाला सरांनीच सांगितलं. 'शालजोडीतला' म्हणजे शालीत गुंडाळून मारलेला जोडा, हेही त्यांचंच. आणि तो मारावा कसा, याचं प्रात्यक्षिक सर रोज देत. मला ती कला साधली नाही. म्हणून मी आज शाल त्यांच्या खांद्यावरच राहू देते.

सातवीत सर आम्हाला मराठी शिकवायचे. एकदा वाक्प्रचार चालले होते. 'नारळ देणे.' सर म्हणाले, निरोप देताना हातात नारळ ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, त्यावरून कामावरून काढून टाकणं असा अर्थ आला. वाक्यात उपयोग कोण करील? कुणी हात वर करेना. तेव्हा सरांनी स्वतःच वाक्य केलं. "गिरणीने दर्शनाच्या वडिलांना नारळ दिला."

वर्ग हसला. मुलंच ती, हसणारच. पण लालबाग-परळमध्ये हा वाक्प्रचार कुणाला समजावून सांगावा लागत होता का हो? निम्म्या वर्गाचे बाप तेव्हा घरी बसून होते. आणि सर, तुमचं वाक्य चुकलं होतं. माझ्या वडिलांना, दौलत घाडीगावकरांना, गिरणीने साधा नारळसुद्धा दिला नव्हता.

हे मी विसरलेही असते. वडीलही हसून सोडून देत. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेला शाळेतर्फे माझं नाव गेलं होतं. सरांनी ते काढलं. कारण काय, तर मी बोलण्याच्या भरात 'मला'ऐवजी 'माका' म्हणाले. मी घरी जाऊन रडले. आई तेव्हा लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायच्या कामाला होती. दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या सुट्टीत तशीच उठून शाळेत आली. नऊवारी, पायात स्लिपर, अंगाला मिरचीचा खकाणा. शिक्षकांच्या खोलीत ती सरांसमोर उभी राहिली आणि मी दाराबाहेर.

भांडली नाही हो ती. म्हणाली, "सर, पोरीन पाठ केल्यान हा, एकदा ऐकून तरी बघा." सर म्हणाले, "निर्णय झाला आहे." आईने मान हलवली, हात जोडले आणि म्हणाली, "बरा तर, येतंय हां."

ती वळली आणि कोणीतरी शिंकलं. मिरचीच ती, शिंक यायचीच. आई उंबऱ्यातून मागे आली. आपल्याकडे निघताना शिंक आली तर क्षणभर थांबतात, हे सरांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांनी विचारलं, "आता काय?" आई म्हणाली, "शिंक इली, जरा थांबतंय."

सगळी खोली हसली. आणि मग सर बोलले. ते शब्द मी जसेच्या तसे सांगते, कारण शब्द जसेच्या तसे सांगावेत हेही सरांनीच शिकवलं. "'येतंय' नव्हे. तुम्हाला परत यायचं नाहीये. 'जाते' म्हणा."

सर पुन्हा म्हणाले, "म्हणा, 'जाते'."

माझी आई कोकणातल्या घरात वाढलेली. 'जाते' हा शब्द घरातून निघताना ती आयुष्यात बोलली नव्हती. तिच्या घरी जातं ते फक्त मढं. पोरीचं शिक्षण या माणसाच्या हातात आहे, एवढंच तिला कळत होतं. ती म्हणाली, "जाते, सर." मिरचीचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत. तिचे डोळे तसेच वाहत होते.

त्यानंतर आई या शाळेचा उंबरा चढली नाही. माझ्या दहावीच्या निकालाला ती समोरच्या फुटपाथवर उभी होती. मी इथे शिक्षिका म्हणून लागले तेव्हा पेढे घेऊन फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परतली. जाते म्हणून गेलेल्या माणसाने परत यायचं नसतं, असं ती म्हणे.

आणि सर काय करत होते? दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात, याच माईकवरून, आपलं गाजलेलं भाषण करत होते. मुलांनो, मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. ऐकणाऱ्याने 'या' म्हणायचं असतं. तो 'या' मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, ती आपली संस्कृती आहे. मुलींचे डोळे भरून यायचे, पालक टाळ्या वाजवायचे. मी मागे उभी राहून दरवर्षी ऐकत होते. टाळी मी एकदाही वाजवली नाही. मी या दिवसाची वाट पाहत होते.

सर, बसा. पाणी घ्या. वहिनी, तुमच्याशी माझं काहीच वाकडं नाही. पण हे तुमच्याही कानावर जायला हवं होतं.

माझा बेत साधा होता. तुम्ही 'येतो' म्हणालात की भर सभेत मी म्हणणार होते, "नव्हे, 'जातो' म्हणा." सकाळी आईला सांगितलं तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "असा कोणाक म्हणू नये गो. मी स्वतः येतंय. मी 'या' म्हणतलंय." मी चिडले. म्हटलं, त्या माणसाला इतकं सहज सोडणार? आई म्हणाली, "म्हणतलंय. पण लगेच म्हणूचंय नाय."

म्हणून आज ती आली आहे. निमंत्रण मी दिलं, फाटकातून आत ती आपल्या पायांनी आली.

प्रमुख पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात उच्चार चुकले असतील तर पदरात घ्या. बाकी मी जे बोलले ते चुकून बोललेले नाही, त्याची क्षमा मागत नाही.

आता सत्काराचा नारळ माझी आई देईल. मयूर, तू आजचा स्वयंसेवक ना, तिला पायरीवर हात दे. सर, उभे राहा. नारळ दोन्ही हातांनी घ्या आणि तिला 'येतो' म्हणा. जरा मोठ्याने, तिला हल्ली कमी ऐकू येतं. आणि मग तुम्हीच शिकवलंत तसं 'या' मिळेपर्यंत थांबा.

तिला घाई नाही. आम्हीही बसलो आहोत.